एक मात्रा आधी

१४ सप्टेंबर

ताई,

शिरसाष्टांग नमस्कार घातला असं समज. मी जिथे बसून हे लिहिते आहे तिथे मान वाकवायलाही जागा नाही, साष्टांग तर लांबच राहिला.

वर्षभर मी तुझ्याशी अबोला धरला. तू पियानो विकलास आणि मला कळवलंस काय, तर "पियानो काढला. जागा हवी होती." संपलं. अडगळीतलं कपाट भंगारात द्यावं तसं. ज्या पियानोवर तू वाजवायला शिकलीस आणि मी गायला, तो काढताना धाकटीला एका शब्दाने विचारावं असं तुला वाटलं नाही. तेव्हाच मी ठरवलं होतं, तू आधी लिहिल्याशिवाय मी लिहायचं नाही. तू लिहिलं नाहीस. हट्टाच्या बाबतीत आपण दोघी एकाच माळेचे मणी. तर घे, मी हरले. राग गेलेला नाही, फक्त खुंटीला टांगून ठेवला आहे, कारण मला एक गोष्ट सांगायची आहे आणि इथे सांगावं असं माणूस नाही.

येत्या नोव्हेंबरात आमच्या नाट्यगृहात एक ऑपेरा उभा राहतो आहे. त्यात नावाड्याच्या विधवेचं काम आहे. फार मोठं नाही, पण दुसऱ्या अंकात तिला एकटीचं असं एक गाणं आहे की ते ऐकून लोक खोकायचं विसरतात. त्या कामासाठी बाई ठरलेली आहे. पण ती आजारी पडली तर तिच्या जागी कोण, हे ठरायचं आहे, आणि त्यासाठी पुढच्या महिन्यात डायरेक्टरबाई गाणी ऐकणार आहेत. मी नाव दिलं आहे.

मी इथे प्रॉम्प्टर आहे हे तुला माहीत आहे, पण ते काम कसलं असतं हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही लाजेकाजेस्तव सांगितलं नाही. आता ऐक. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, बरोबर मधोमध, फळ्यांमध्ये एक चौकोनी भोक आहे. प्रेक्षकांच्या बाजूने त्याच्यावर लाकडी टोपण असतं. याला आम्ही खोका म्हणतो. मी तळघरातून शिडीने वर चढते, स्टुलावर बसते, आणि माझं डोकं गाणाऱ्यांच्या बुटांच्या उंचीला येतं. मग खालचं दार बाहेरून लावतात, कारण तळघरातला उजेड वर दिसता कामा नये. अंक संपेपर्यंत ते उघडत नाही. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, आणि पुढचं तर विचारूच नकोस. ज्या दिवशी प्रयोग असतो त्या दिवशी मी दुपारपासून पाणी पीत नाही.

माझ्यासमोर पुस्तक असतं आणि बाजूला टीव्हीसारखा एक छोटा पडदा. त्यात काठीवाला दिसतो. काठी हलवून सगळा वाद्यवृंद चालवणारा तो. त्याला कंडक्टर म्हणतात, पण ते म्हटलं की तू तिकीट मागशील. गाणाऱ्याने शब्द उच्चारायच्या एक मात्रा आधी मी तो शब्द त्याच्याकडे पोचवायचा. आधीच. त्याच्या बरोबरीने दिला तरी उशीर झाला, कारण त्याला श्वास घ्यायला वेळ लागतो. राजाचा शब्द, राणीचा, चोराचा आणि चोराला पकडणाऱ्याचाही, सगळे मी एक मात्रा आधी बोलून मोकळी होते. बदल्यात वरून काय येतं? थुंकी. जोरात गाणारी माणसं थुंकी फार उडवतात. आमच्या मुख्य गायकाला आम्ही पहिलवान म्हणतो. तो प्रेमाचं गाणं सुरू करायच्या आत मी चष्म्याचं फडकं हातात घेऊन बसते.

मी इथे गायला आले होते, ताई. दोन वर्षं समूहात गायले, तीन लहान कामं केली, एकात मेलेसुद्धा. मग म्हातारे प्रॉम्प्टर निवृत्त झाले आणि तेव्हाचे डायरेक्टर म्हणाले, "तुम्हाला सगळ्यांची कामं पाठ असतात. एका सीझनपुरतं सांभाळा, मग बघू." त्या एका सीझनला अकरा वर्षं झाली. दर महिन्याला पगार हमखास, आणि अडला हरी, म्हणून मी राहत गेले. आता मी चाळिशीला टेकले आहे. यापुढे नव्या बाईला कुणी ऐकूनसुद्धा घेत नाही. या खेपेला घेतलं तर मी या भोकातून वर येईन, नाही तर याच स्टुलावर म्हातारी होईन.

पियानोचं मी विसरलेले नाही.

धाकटी


६ ऑक्टोबर

ताई,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मी मात्र लिहिणार, कारण एकदा तोंड उघडलं की ते मिटत नाही, हे तूच लहानपणी सांगायचीस.

काल गाणं झालं. सरावाच्या खोलीत डायरेक्टरबाई, काठीवाला आणि आमचा पियानोवाला, एवढीच माणसं होती. पियानोवाला चांगला आहे, फक्त स्वतःच्या विनोदांवर तो स्वतःच आधी हसतो. मी पोटभर झोपून, गरम पाणी पिऊन गेले होते. घाबरले नव्हते, शपथेवर सांगते.

त्या विधवेच्या गाण्यात एक जागा आहे. नावाडी बुडाल्याचं तिला कळतं आणि सगळी वाद्यं थांबतात. काठीवाला हात वर धरून उभा राहतो. मग तो हात खाली आणतो, आणि त्याच क्षणी तिचा पहिला शब्द आणि व्हायोलिनं एकदम सुरू होतात. सगळं गाणं त्या एका जागेवर तोललेलं आहे. मी त्या जागेला पोचले आणि गायला सुरुवात केली. पियानोवाला मागून आला.

"पुन्हा," डायरेक्टरबाई म्हणाल्या.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग काठीवाला उठून माझ्याजवळ आला. सभ्य माणूस आहे, आवाज चढवत नाही.

"घाबरलात का?"

"नाही हो."

"मग थांबत का नाही?"

"मी थांबतेच आहे."

"नाही. तुम्ही माझ्या आधी आहात. याच जागी नव्हे, पहिल्या ओळीपासून. आणि दर वेळी तेवढंच, एक मात्रा."

मग पियानोवाल्याच्या डोक्यात उजेड पडला आणि तो ओरडला, "अहो, बाई आपल्याला शब्द देताहेत!" सगळे हसले. डायरेक्टरबाई हसल्या, काठीवाला हसला, आणि ताई, मीही हसले. घरी येऊन दार लावल्यावर मला ते हसणं आठवलं आणि इतकी शरम वाटली की बूट न काढता तशीच पलंगावर पडून राहिले.

जाताना डायरेक्टरबाई म्हणाल्या, "आवाज आहे तुमचा. मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ चांगला आहे. पण साठ माणसांचा वाद्यवृंद तुमच्यामागे धावू शकत नाही." माझं नाव मात्र त्यांनी यादीत राहू दिलं. कौतुक म्हणून नव्हे. सगळं काम पाठ असलेलं दुसरं कुणी आलंच नाही, म्हणून. "अगदी जिवावर बेतलं तर," असे त्यांचे शब्द होते.

गंमत बघ. तुझ्या पियानोपाशी मी कायम मागे रेंगाळायचे. तू डाव्या हाताने बाकावर थापट्या मारून मला ओढत न्यायचीस आणि म्हणायचीस, "अगं, गाडी सुटली, चल!" आता गाडी फलाटावर लागायच्या आत मी पुढच्या स्टेशनात असते. आणि हे गाण्यापुरतंच राहिलं नाही. दुकानदार "सुट्टे" म्हणायच्या आत मी "नाहीत" म्हणते. घरमालकीण परवा म्हणाली, "तुमच्याशी बोलायची सोय नाही, माझं वाक्य तुम्हीच संपवता." मला वाटायचं ती चेष्टा करते आहे. अकरा वर्षं माझा आवाज त्या खोक्यात कोंडला आहे असं मी समजत होते. पण खोका तर माझ्या आत येऊन बसला आहे आणि मी जाईन तिथे तो बरोबर येतो. मला भीती वाटते आहे, ताई.

धाकटी


१९ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र आलं. पाच ओळी! उदारपणाची कमाल झाली. त्या पाच ओळी मी इतक्यांदा वाचल्या आहेत की तुलाच परत म्हणून दाखवते: "पियानोच्या जागी बाबांची खाट आहे. त्यांना जिना चढवत नाही. तुला कळवू नको म्हणाले, सीझन टाकून येशील म्हणून. तुझं गाण्याचं वाचलं. दुसऱ्यांना आधी सांगतेस तसं आधी स्वतःला सांग, आणि मग गा."

म्हणजे मी वर्षभर बाबांच्या खाटेवर रुसून बसले होते. तुला एक ओळ जास्त लिहिता आली नसती का गं? बाबांनी नको म्हटलं आणि तू ऐकलंस! आयुष्यात त्यांचं दुसरं काही ऐकलं नाहीस ते. मी खूप रडले आणि मग तुझ्यावर चिडले आणि मग परत रडले. बाबांना माझ्याकडून हे सांग की मला कळलंय, आणि ते रागावले तर माझं नाव पुढे कर.

मी लगेच निघणार होते. ऑफिसात जाऊन चार दिवसांची रजा मागितली. तिथला माणूस मान वर न करता म्हणाला, "तुमच्या जागी कोण?" कुणी नाही. दुसरी प्रॉम्प्टर होती ती लग्न करून गेली आणि तिची जागा भरलीच नाही. एक ऑपेरा चालू आहे, दुसऱ्याचा सराव चालू आहे, आणि त्या स्टुलावर बसू शकणारी या इमारतीत मी एकटीच. सीझन संपेपर्यंत मला हलता येत नाही. मुख्य गायक आजारी पडला तर बदली असते, काठीवाल्यालाही बदली असते. मला नाही. याला मान म्हणायचं की साखळी, तूच सांग.

म्हणून जे करता येतं ते करते आहे. तुझी युक्ती. पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, ताईला काय कळतंय यातलं. पण करून बघितली. सकाळी खिडकी लावते, घड्याळाचा ठोका चालू ठेवते. ज्या क्षणी शब्द बाहेर उडी मारायला बघतो त्या क्षणी त्याला गाऊ देत नाही, नुसता कुजबुजते. स्वतःला देते. आणि मग पुढच्या ठोक्यावर तोच शब्द गाते. बाळाला भरवताना आपण आधी आपलंच तोंड उघडतो, तसं काहीसं. पहिले काही दिवस कुजबुज आणि गाणं एकमेकांच्या पायात पाय घालत होते. कधी दोनदा कुजबुजायचे, कधी गायचंच राहून जायचं. घरमालकीण दाराशी येऊन म्हणाली, "आत कुणी आहे का तुमच्याबरोबर?" मी म्हटलं, "हो, मीच आहे." तेव्हापासून ती माझ्याकडे जरा बिचकून बघते.

पण काल पहिल्यांदा ती थांबायची जागा जमली. एकदाच. कुजबुजले, थांबले, आणि ठोक्यावर आले. आता कुजबुज आवाजाशिवाय करायची आहे, नुसती मनात. तुला थँक्यू म्हणणार नाही, वर्षभराचं व्याज अजून फिटायचं आहे.

धाकटी


२१ नोव्हेंबर

ताई,

मी गायले.

थांब, नीट सांगते. विधवेचं काम करणारी बाई म्हणजे आमची मफलरबाई. उन्हाळ्यातही तिच्या गळ्यात मफलर असतो आणि लिफ्टमध्ये कुणी शिंकलं तर ती मधल्याच मजल्यावर उतरते. इतकं जपून काल सकाळी तिचा घसा बसला तो बसलाच. फोनवर नुसती हवा येत होती. डायरेक्टरबाईंनी दुसऱ्या तीन गावांतल्या गायिकांना फोन लावले, एकीला काम येत नव्हतं, दोघी दुसरीकडे अडकल्या होत्या. दुपारी त्यांनी मला बोलावलं. "जिवावर बेतलं आहे," एवढंच म्हणाल्या.

"आणि खोक्यात?" मी विचारलं.

"पियानोवाला बसेल. एका दिवसाने काही बिघडत नाही."

मफलरबाईचा पोशाख मला खांद्यात घट्ट आणि उंचीला लांब. कपडेवालीने तो माझ्या अंगावरच टाचला आणि म्हणाली, "हात वर करू नका, विधवा आहात, हात खालीच ठेवा." अकरा वर्षांनी मी बाजूच्या विंगेतून, सरळ पायांनी चालत रंगमंचावर गेले. आणि पहिलं काय दिसलं असेल, तर तो खोका. समोरून इतका एवढासा दिसतो! त्यात पियानोवाल्याचं तोंड, घामाने डबडबलेलं. मला त्याची दया आली आणि त्याच वेळी वाटलं, याच्यात मी बसत होते?

दुसऱ्या अंकात ती जागा आली. वाद्यं थांबली. काठीवाल्याने हात वर धरला आणि माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत धडधडीत भीती होती. माझा शब्द जिभेवर आला. मी तो मनात मला दिला. आणि थांबले. ताई, ती एक मात्रा किती लांब असते हे मला ठाऊकच नव्हतं, कारण मी कधी तिच्यात राहिलेच नव्हते. समोरच्या अंधारात कुणीही हलत नव्हतं. मग हात खाली आला आणि मी आणि ती सगळी व्हायोलिनं एकदम निघालो. मला इतका आनंद झाला की मेलेल्या नवऱ्याचं गाणं मी जवळजवळ हसत म्हटलं. काठीवाला तर उघडउघड हसत होता.

पुढचं ऐकून तू काय म्हणशील माहीत नाही. तिसऱ्या अंकात मी आणि पहिलवान समोरासमोर असतो. तो त्याची ओळ गातो आणि ती संपताच माझी. पहिलवान ती ओळ विसरला. तो नेहमीच विसरतो. इतकी वर्षं ते मला आणि त्यालाच माहीत होतं. त्याने सवयीने खोक्याकडे बघितलं. पियानोवाल्याचं पान हरवलं होतं, तो वेड्यासारखी पानं उलटत होता. मग पहिलवानाने माझ्याकडे बघितलं. एवढा धिप्पाड माणूस, पण चेहरा जत्रेत चुकलेल्या पोराचा.

त्याचा शब्द माझ्या तोंडात तयार होता. ओठ हलवले असते तरी पुरलं असतं. पण तो त्याला दिला असता तर माझा मला द्यायला वेळ उरला नसता. मी पुन्हा एक मात्रा आधी पडले असते, या वेळी भरल्या नाट्यगृहात. मी ओठ मिटून घेतले.

त्याने ती ओळ नुसतं "आ आ" करून काढली. कुणीतरी वरच्या सज्जातून हसलं. मग माझी ओळ आली आणि मी ती बरोबर घेतली. शेवटी लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, ताई, माझ्यासाठी, मी समोर उभी असताना. पहिलवानाने पडद्यामागे माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाईट वाटायला हवं आहे. शोधते आहे, अजून सापडलं नाही.

बाबांना सांग. त्यांना फक्त गाण्याचं आणि टाळ्यांचंच सांग.

धाकटी


२ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र मिळालं. बाबांनी तुला माझं पत्र चार वेळा वाचायला लावलं आणि पाचव्यांदा स्वतःच वाचलं, हे मीही पाच वेळा वाचलं. म्हणूनच उत्तराला उशीर केला. आता जे लिहायचं आहे ते त्यांना वाचून दाखवू नकोस.

डायरेक्टरबाईंनी बोलावलं होतं. मी नवा स्कर्ट घालून गेले, अशी मूर्ख. मला वाटलं होतं, काम देतील. आत पहिलवान आधीच बसला होता, सोफ्याच्या दोन माणसांच्या जागेवर एकटा.

"ती खोक्यात नसेल तर मी रंगमंचावर पाय ठेवणार नाही," तो त्यांना म्हणाला. माझ्यासमोर, पण माझ्याशी नाही. "हे मला लिहून हवंय." आणि उठून गेला. तिकिटं त्याच्या नावावर खपतात, माझ्या नाही.

डायरेक्टरबाईंनी मला बसायला सांगितलं. "तुम्ही त्या दिवशी छान गायलात," त्या म्हणाल्या. "मनापासून सांगते. आणि त्याच दिवशी मला कळलं की तुम्हाला खोक्यातून हलवता येणार नाही."

समोर करार होता. प्रॉम्प्टरची कायमची नोकरी, निवृत्तीपर्यंत. एक अट, रंगमंचावर कुठलंही काम करायचं नाही, बदली म्हणूनसुद्धा नाही. नको असेल तर या सीझनअखेर नमस्कार, कारण मग त्यांना माझ्या जागी दुसरं माणूस शोधून तयार करायला लागेल.

मी त्यांना विचारलं, "आणि मी त्या दिवशी त्यांना शब्द दिला असता तर?"

त्या प्रामाणिकपणे हसल्या. "तर मी म्हणाले असते, ही बाई रंगमंचावरून गाता गातासुद्धा शब्द देते, हिला तर सोडताच कामा नये."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, ही म्हण मी त्यांना ऐकवली. त्यांना आवडली. त्या दुष्ट नाहीत, ताई. दुष्ट असत्या तर मला भांडता आलं असतं.

दुसऱ्या नाट्यगृहांना मी त्याच आठवड्यात लिहून बघितलं. दोघांनी वय विचारलं आणि नंतर काही विचारलं नाही. तिसऱ्यांनी उत्साहाने कळवलं की त्यांना प्रॉम्प्टर हवाच आहे.

मी सही केली. ओरडू नकोस. तू असतीस तर तूही केली असतीस, आणि वर मला सांगितलं असतंस की पोट भरलेलं असलं की रडायलाही ताकद राहते. मफलरबाईचा घसा बरा झाला आहे. तिच्यासाठी थांबवलेले प्रयोग उद्यापासून पुन्हा सुरू, आणि मी परत स्टुलावर. सही करताना कुणी गळा दाबत नव्हतं, खोलीला दोन मोठ्या खिडक्या होत्या, बाहेर छान ऊन होतं. तरी मला श्वास पुरत नव्हता.

धाकटी


१६ डिसेंबर

ताई,

काहीतरी झालं आहे आणि ते फक्त तुलाच कळेल.

परत बसल्याच्या पहिल्याच दिवशी पहिलवान पहिल्या अंकात अडखळला. मी म्हटलं, ठेच लागली असेल. दुसऱ्या अंकात मफलरबाई तिच्या त्या थांबायच्या जागेला आली, हात वर, सगळीकडे शांत. तिने माझ्याकडे बघितलं. मी शब्द दिला आणि तिचे डोळे विस्फारले, कारण तेवढ्यात काठीवाल्याचा हात खालीही आला होता. ती अर्धा शब्द गिळून गाण्यात शिरली. परवाच्या प्रयोगात दोघांचं असंच झालं. काल पहिलवानाचं तीनदा.

मला उशीर होतो आहे. बरोबर एक मात्रा.

का ते मला काल सरावाच्या खोलीत उमगलं. तू सांगितलंस, आधी स्वतःला सांग. दोन महिने रोज तेच केलं. आता शब्द आला की तो आधी मला दिला जातो, मनात, आणि मग बाहेर पडतो. गाणारीसाठी ते अगदी बरोबर आहे. प्रॉम्प्टरसाठी ते मरण आहे.

काठीवाल्याने ओळखलं. तो काल तळघरात, शिडीपाशी आला. "तुम्ही अजून गाण्याचा सराव करता का?" त्याने विचारलं.

"रोज सकाळी."

"बंद करा. थोडे दिवस बंद ठेवलंत की पूर्वीसारख्या व्हाल. मी कुणाला बोललेलो नाही. पण नव्या वर्षापर्यंत असंच चाललं तर मला बोलायला लागेल, आणि मग तो कागद तुम्हाला वाचवणार नाही. कामच येत नसेल तर कायमची नोकरी कायमची राहत नाही." मग शिडीची एक पायरी उगाच हाताने पुसत म्हणाला, "पुन्हा लागली ना एक मात्रा आधीची सवय, तर ती या वयात परत सुटायची नाही. तेही खरं आहे. मी तुम्हाला काहीच सांगत नाही." आणि गेला.

म्हणजे बघ. सराव सोडला तर नोकरी राहील, पगार राहील, स्टूल राहील, आणि त्या दिवशी जी बाई ठोक्यावर गायली ती पुन्हा कधी दिसणार नाही. सराव केला तर जानेवारीत मी रस्त्यावर. गायला कुणी बोलावणार नाही, ते मी बघून बसले आहे. प्रॉम्प्टर म्हणूनही कुणी घेणार नाही, कारण ते येईनासं झालेलं असेल. दोन्हीकडून दार बंद. मी सगळा दिवस बेरीज-वजाबाकी केली. शहाण्या माणसाने काय करावं हे अगदी उघड आहे. तुला विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस तेही मला माहीत आहे, आणि बाबांनी काय सांगितलं असतं तेही. तुमची दोघांचीही वाक्यं मी तुमच्या आधी संपवून टाकली.

आज सकाळी उठले, गरम पाणी घेतलं आणि खुर्चीत बसून राहिले. सराव करायचा नाही असं ठरवूनच झोपले होते. बराच वेळ बसले. घरमालकीण खाली भांडी आदळत होती. मग मी उठले, घड्याळ समोर ठेवलं आणि विधवेचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. या खेपेला खिडकी लावली नाही. एकाही जागी घाई झाली नाही.

संध्याकाळी प्रयोग आहे.

तुझी धाकटी